मनगटावरचं घड्याळ घेताना

आज आपण मनगटी घड्याळाबद्दल बोलणार आहोत. विषय ऐकल्यावर आमच्या गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "अगं, दीडदोनशे रुपयांची वस्तू ती, तिच्यावर एवढं काय बोलायचं?" मावशींचं म्हणणं आम्हाला पटलंही असतं. पण या दीडदोनशेच्या वस्तूने आमच्या गटाला एकदा चांगलं शहाणं केलंय. तेच आधी सांगतो.

चार वर्षांमागची गोष्ट. संक्रांत जवळ आली होती. हळदीकुंकवाला दरवर्षी प्लास्टिकचे डबे नाहीतर स्टीलच्या वाट्या वाटायच्या. या वेळी आपणच आपल्याला काहीतरी कामाची वस्तू घेऊ असं ठरलं. गटाकडे उशिरा हप्ता भरणाऱ्यांच्या दंडाचे पैसे साचले होते. आठवडी बाजारात एकजण सोनेरी साखळीची लेडीज घड्याळं विकत होता. डबीवर चिठ्ठी ९९९ रुपयांची, आणि देत होता १८० ला. बारा घड्याळं घेतली, २१६० रुपये मोजले. बिल मागायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

होळीपर्यंत तीन घड्याळं बंद पडली. उन्हाळ्यात घामाने सोनेरी पाणी उडालं आणि खालून काळपट पत्रा दिसायला लागला. एका ताईच्या मनगटावर खाज सुटून बारीक पुरळ आलं, ते महिनाभर गेलं नाही. पहिल्या पावसात काचेच्या आत वाफ धरली. दसऱ्याला बारातलं एकच घड्याळ चालत होतं, तेही पेटीत ठेवलेलं. विकणारा पुन्हा त्या बाजारात दिसला नाही. गटाच्या वहीत "घड्याळे - २१६०" ही ओळ अजून आहे, आणि हिशोब तपासायला येणाऱ्या मॅडम दरवर्षी तिच्यावर बोट ठेवून हसतात.

तेव्हापासून आम्ही घड्याळाची चौकशी करत आलो. परभणीला स्टेशन रोडला, गांधी पार्ककडे गेलो की दुकानदाराला विचारायचं. त्याहून जास्त विचारायचं काचेच्या छोट्या पेटीमागे डोळ्याला भिंग लावून बसलेल्या घड्याळजीला. दुकानदार घड्याळ विकतो तेव्हा ते नवं असतं. ते दोन वर्षांनी आतून कसं दिसतं हे घड्याळजीच पाहतो.

पण मुळात घड्याळ हवंच कशाला? मोबाईलमध्ये वेळ दिसतेच की, असं पोरं म्हणतात. खरं आहे. पण घरातला मोबाईल दिवसा कोणाच्या खिशात असतो ते आपल्याला माहीत आहे. आणि तो आपल्याजवळ असला तरी निंदताना, कापूस वेचताना, शेणामातीच्या हाताने तो कोण काढून बघणार?

आमच्या गटातली एक बाई रोजाने जाते. तिने आम्हाला सांगितलं ते आम्ही विसरलो नाही. शेतात वेळ सांगायची ती मालकाच्या घड्याळाने. सहाला सुट्टी ठरलेली, पण "अजून पाच मिनिटं आहेत, ही तास उरकून टाका" असं ऐकत ऐकत अंधार व्हायचा. तिने स्वतःचं घड्याळ घेतलं. भांडण केलं नाही, काही नाही. सहा वाजले की मनगट बघायची, पदर झटकायची आणि म्हणायची, "चला गं बायांनो, सहा झाले." आठ दिवसांत त्या शेतावर सहाला सुट्टी व्हायला लागली.

आता आपल्या जुन्या बायका सावलीवरून वेळ सांगतात, आणि ते अगदीच चुकीचं नसतं. पण एक गंमत सांगतो. सावली पायाखाली आली म्हणजे बारा वाजले असं आपण म्हणतो. साऱ्या देशाचं घड्याळ ज्या रेषेवर लावलेलं आहे ती उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाते. परभणी तिच्या बरीच पश्चिमेला आहे. त्यामुळे आपल्याकडे सूर्य डोक्यावर यायला सरासरी तेवीस मिनिटं उशीर होतो. सावलीचे बारा म्हणजे घड्याळाचे साधारण बारा वाजून तेवीस मिनिटं. शेतात ते चालून जातं. एसटी मात्र सावली बघून सुटत नाही.

याहून महत्त्वाचं काम आशाताईंचं. लेकराला सर्दी-खोकला आहे, धाप लागल्यासारखी वाटते, तेव्हा आशाताई काय करते? लेकरू शांत असताना त्याच्या पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या लेकराचे ४० किंवा जास्त भरले, तर तो जोराचा श्वास समजायचा. न्यूमोनियाची शंका धरून लगेच दवाखाना गाठायचा. हे मोजायला सेकंद दाखवणारं घड्याळ लागतं, म्हणून नवजात बाळाच्या भेटींसाठी आशाताईला जे साहित्य मिळतं त्यात घड्याळही असतं. आमच्या त्या सोनेरी घड्याळांना सेकंद काटाच नव्हता. आकडेही नव्हते, बाराच्या जागी एक चमकी होती. दागिना म्हणून ठीक. पण वेळ बघायला म्हणून पैसे मोजायचे, आणि पाच मिनिटं झाली की आठ हे अंदाजाने ठरवायचं, याला काय अर्थ?

तर घड्याळ चालतं कसं, ते थोडक्यात. जुनं घड्याळ चावीचं. रोज चावी द्यायची, आतली स्प्रिंग उलगडत जाते आणि चाकं फिरतात. ते दिवसाला काही सेकंद, कधी अर्धा-एक मिनिटही मागेपुढे होतं. आत्ताची बहुतेक घड्याळं सेलवर चालतात. आत क्वार्ट्झ नावाच्या स्फटिकाचा तुकडा असतो, तांदळाच्या दाण्यासारखा. त्याला सेलची वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आतली चिप त्याचं निम्मं, निम्म्याचं निम्मं, असं पंधरा वेळा करते. उरतो सेकंदाला एक ठोका. त्या ठोक्यावर काटा पुढे सरकतो. अशा घड्याळात महिन्याला पंधरा-वीस सेकंदांचा फरक पडतो, बस. जगातलं पहिलं असं मनगटी घड्याळ जपानच्या सायको कंपनीने १९६९ च्या डिसेंबरमध्ये विकायला काढलं, तेव्हा त्याची किंमत मोटारीच्या किमतीच्या आसपास होती. आज तेच तंत्र पाचशेच्या घड्याळातही आहे आणि पाच हजारांच्याही.

ही गोष्ट आम्हाला कळली तेव्हा आमचा अर्धा गोंधळ मिटला. जास्त पैसे दिले म्हणून वेळ जास्त खरी दाखवली जात नाही. मग पैसे कशाचे द्यायचे? पाणी आत न जाऊ देणाऱ्या झाकणाचे, चांगल्या धातूचे, पट्ट्याचे, आणि बिघडलं तर दुरुस्त करून देणाऱ्या माणसाचे. त्यापुढचे पैसे नावाचे आणि नक्षीचे. हौस असेल तर जरूर द्या, पण हौसेचे म्हणून द्या.

पाण्याचं बघू, कारण आपले हात दिवसभर पाण्यात. घड्याळ पालथं करा. मागे इंग्रजीत "वॉटर रेझिस्टंट" लिहिलेलं असतं आणि पुढे ३०एम, ५०एम किंवा ३ एटीएम, ५ एटीएम. हे पैसे काढायचं एटीएम नव्हे, पाण्याच्या दाबाचं माप आहे. वाचता येत नसेल तर शाळेतल्या लेकराकडून वाचून घ्या. ३० मीटर म्हणजे तीस मीटर खोल विहिरीत चालतं, असा अर्थ कोणीही काढेल. आम्हीही काढला होता. तसं नाही. ३० म्हणजे हात धुताना उडालेले शिंतोडे, रिमझिम पाऊस, एवढंच. भांडी घासायची, धुणं धुवायचं, घड्याळ काढायला आठवत नाही, तर ५० चं बघा. आणि काहीच लिहिलेलं नसेल तर ते घड्याळ पाण्याचं नाही. गरम पाण्याने अंघोळ करताना तर कुठलंच घालू नका, वाफेने आतलं रबर खराब होतं. अजून एक, वेळ लावून झाली की बाजूची चावी आत दाबायला विसरू नका. ती बाहेर राहिली की पाण्याला वाट मोकळी.

पट्ट्यावर आम्ही सगळ्यात जास्त चुका केल्या. परभणीचा उन्हाळा आपल्याला नवा नाही, पारा ४२-४३ च्या पुढे जातो. चामड्याचा पट्टा घामाने कडक होतो, वास मारतो आणि दोन उन्हाळ्यांत चिरतो. सोनेरी पॉलिशची साखळी लग्नात शोभते, शेतात टिकत नाही. रोजच्या कामाला साधं स्टील किंवा चांगल्या रबरासारखा पट्टा बरा. खोट्या कानातल्यांनी ज्यांचे कान चिघळतात त्यांनी हलक्या धातूपासून दूरच राहावं. त्यात निकेल असतं, तेच मनगटालाही बाधतं. आमच्या त्या ताईचं तेच झालं होतं. घेताना पट्टा घड्याळाला कसा जोडलाय तेही बघा. दोन्ही बाजूंना सरळ पिन असेल तर कुठलाही घड्याळजी दुसरा पट्टा बसवून देईल. काही घड्याळांत पट्टा आणि डबी एकाच साच्यातून काढलेली असते. पट्टा तुटला की घड्याळच फेकायचं.

काचेचं एवढंच, की प्लास्टिकच्या काचेवर ओरखडे पटकन पडतात पण ती सहसा फुटत नाही, खऱ्या काचेवर ओरखडे कमी पण दगडावर आपटली की तडा. हातात भरल्या बांगड्या असतील तर घड्याळ बांगड्यांच्या वर, कोपराच्या बाजूला घालायची सवय चांगली.

सेलबद्दल घड्याळजीने आम्हाला एक खूण सांगितली. सेकंद काटा एक-एक सेकंदाने न जाता दोन-दोन, कधी चार-चार सेकंदांच्या उड्या मारायला लागला, तर बऱ्याच घड्याळांत तो सेल संपत आल्याचा इशारा असतो. घड्याळ बिघडलं म्हणून टाकून देऊ नका. सेल बदलताना "सिल्व्हर ऑक्साइडचा द्या" असं स्पष्ट सांगा. दिसायला तसाच पण स्वस्त अल्कलाईन सेलही मिळतो. तो लवकर उतरतो आणि पाझरला तर आतली मशीन खाऊन टाकतो. बंद पडलेलं घड्याळ सेलसकट पेटीत ठेवण्यानेही हेच होतं.

आणि लहान लेकरं असलेल्या मायांनी हे नीट ऐका. काढलेला सेल दिवळीत, खिडकीत ठेवू नका. ती चकचकीत टिकली लेकरू तोंडात घालतं. अन्ननळीत अडकला तर दोन तासांत आतून भाजल्यासारखी जखम होऊ शकते. नाकात, कानात घातला तरी धोका तोच. शंका जरी आली तरी उलटी काढायच्या भानगडीत न पडता सरळ दवाखाना गाठा, आणि तसाच दुसरा सेल असेल तर दाखवायला बरोबर न्या. जुना सेल घड्याळजीच्या डब्यातच टाकून यायचा.

आता हिशोब. आमचं १८० चं घड्याळ सरासरी आठ महिने चाललं असं धरा. म्हणजे वर्षाला २७० रुपये पडले, आणि मनस्ताप वेगळा. दुसरीकडे ९०० रुपयांचं, वॉरंटीचं, पाण्याला टिकणारं घड्याळ घेतलं. आठ वर्षांत तीनदा सेल, ८० रुपयांप्रमाणे २४०. दोनदा पट्टा, १२० प्रमाणे २४०. सगळे मिळून १३८०. वर्षाला पावणेदोनशेच्याही आत. गरिबाला स्वस्त वस्तू महाग पडते, ती अशी. पण ९०० एकदम काढायचे कुठून, हाही प्रश्न खराच आहे. त्याचं उत्तर गटात आहे, पुढे सांगतो.

नावांचं म्हणाल तर आपल्याकडे घड्याळ म्हटलं की एचएमटी आठवायची. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने या सरकारी कारखान्याने बंगळूरुला घड्याळं बनवायला घेतली. त्यांचं "जनता" आपल्या वडिलांच्या, सासऱ्यांच्या मनगटावर होतं. त्यात देवनागरी आकड्यांचंही यायचं. बायकांसाठी "सुजाता" होतं, पण खेड्यात ते किती जणींच्या वाट्याला आलं? घड्याळ यायचं ते लग्नात जावयाला, सायकल आणि रेडिओच्या जोडीने. ते देण्यासाठी किती बापांनी कर्ज काढलं हे आपल्या आयांना विचारा. पुढे १९८४ मध्ये टायटन आली, तिचा कारखाना तमिळनाडूत होसूरला, आणि कमी किमतीत सोनाटा हीही तिचीच. २०१६ मध्ये सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. घरात जुनं एचएमटी असेल तर विकू नका, साफ करून घेतलं तर अजून चालतं. पण "जुनं अस्सल एचएमटी" म्हणून कोणी नव्यासारखं चकचकीत घड्याळ विकत असेल तर सावध राहा. तबकडी नव्याने रंगवून, चार घड्याळांचे भाग एकात बसवून असा माल विकला जातो.

आकड्यांच्या, म्हणजे डिजिटल घड्याळांत कॅसिओचं एक साधं काळं मॉडेल १९८९ पासून निघतंय. त्याचा सेल सात वर्षं जातो असं कंपनी सांगते. त्यात सेकंद, गजर आणि रात्री बघायला दिवा आहे. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या घराला हे कामाचं. मात्र त्याची नक्कलही पोत्याने मिळते, म्हणून दुकान आणि बिल बघूनच घ्या. आम्ही कोणत्याही कंपनीची जाहिरात करत नाही आहोत. ज्याचा सेल, पट्टा आणि दुरुस्ती तुमच्या तालुक्याला मिळते ते घ्या. स्मार्टवॉच म्हणाल तर रोज-दोन रोजांनी चार्ज करावं लागतं आणि त्याची बॅटरी गेली की आपला घड्याळजी हात वर करतो. लेकीला परीक्षेसाठी घेत असाल तर अजिबातच नको. परीक्षेत ते चालत नाही, आणि नीटला तर कुठलंच घड्याळ आत नेता येत नाही. प्रवेशपत्रावरच्या सूचना वाचूनच घ्या.

किमतीच्या चिठ्ठीचा खेळ आम्ही भोगला. वेष्टनावरची कमाल किंमत सगळे कर धरून असते. तिच्यापेक्षा एक रुपयाही जास्त मागता येत नाही. पण ९९९ छापून १८० ला देणाऱ्याने उपकार केलेले नसतात, मुळात ९९९ लाच अर्थ नसतो. पक्कं बिल घ्या, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्या. सेल, काच आणि पट्टा सहसा वॉरंटीत धरत नाहीत, ते आधीच विचारा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन करता येतो. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. आमच्याकडे बिलच नव्हतं, म्हणून आम्ही फक्त चुकचुकत बसलो.

दुसऱ्या वेळी आम्ही असं केलं. ज्यांना हवं होतं अशा नऊ जणींनी नावं दिली. गटातून उचल घेतली, दरमहा शंभर रुपये फेडायचे ठरले. दुकानात तिघी गेल्या, आधी घड्याळजीला दाखवून आल्या. नऊ एकदम घेतली म्हणून दुकानदाराने किंमत थोडी उतरवली. आम्ही दुकानातच नऊही घड्याळांचा सेकंद काटा पाच मिनिटं बघत बसलो. दुकानदार म्हणाला, "ताई, आजवर असं कोणी केलं नाही." एक काटा अडखळत होता, ते बदलून घेतलं. प्रत्येक घड्याळाचा नंबर गटाच्या वहीत लिहिला, बिलाची झेरॉक्स चिकटवली. दोन वर्षं झाली, सगळी चालू आहेत. एकीचा पट्टा म्हशीने चावला, तो वॉरंटीत बसत नाही असं दुकानदाराने हसत हसत सांगितलं. शंभर रुपयांत नवा टाकला.

मावशींनी तेव्हा नाव दिलं नव्हतं. गेल्या बैठकीला त्यांनीच विचारलं, मोठ्या आकड्यांचं मिळेल का, जवळचं दिसत नाही. मिळतं. पांढऱ्या तबकडीवर ठळक काळे आकडे, ते घ्यायला आम्ही त्यांना घेऊन येत्या गुरुवारी परभणीला चाललो आहोत.